सारंगाचा चांद

तुझ्या हाताखालून गेलेलं सगळ्यात भारी घड्याळ कुठलं, असं कुणी विचारलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. उत्तर माहीत नाही असं नाही. ते घड्याळ मला आजही डोळे मिटून खोलता येईल, कुठला स्क्रू कुठे होता ते सांगता येईल. पण मग त्या घड्याळाच्या पायी मी काय करून बसलो होतो, तेही सांगावं लागतं. ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

माझं दुकान डोंबिवलीत, पश्चिमेला. दुकान म्हणजे काय, इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून दिवसभर बसूनच. ही नव्वदीच्या आसपासची गोष्ट. सेलवाली घड्याळं इतकी आली होती की माझं काम म्हणजे सेल बदलायचा, पट्टा लावायचा आणि काच पुसून द्यायची. कल्याणला उस्तादांच्या शेजारी सात वर्षं बसून जे शिकलो होतो, ते हातातल्या हातात गंजत चाललं होतं. त्यामुळे मी सदा तडकलेला. गिऱ्हाईक म्हणालं, 'जरा लवकर द्या,' की मी म्हणायचो, 'मग दुसरीकडे टाका.' बायको म्हणायची, तुमच्या नाकावर राग नुसता बसलेला नाही, बिऱ्हाड थाटून बसलाय.

अशात एक दिवस पस्तिशीचा एक माणूस सुपारीच्या जुन्या डबीत कापसात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आला. खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावातला. खाडीत मासळी उरली नव्हती, कंपन्यांच्या पाण्याने सगळी मेली, म्हणून हा एमआयडीसीत कामाला लागलेला. घड्याळ त्याच्या वडिलांचं. ते तीस वर्षं परदेशी बोटींवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. बोटीवरचा गोरा कप्तान निवृत्त झाला तेव्हा त्याने स्वतःच्या मनगटावरून काढून त्यांना दिलं होतं.

"तीन महिने बंद आहे," तो म्हणाला. "बापूस रोज विचारतो. दुसऱ्या कुणाला उघडायला दिलेलं नाही."

डबीत बघितलं आणि मी त्याच्याशी चक्क नीट बोललो.

स्विस घड्याळ. सोन्याची केस, पण कुठे मिरवणं नाही. पांढरीशुभ्र तबकडी, तिच्यावर एकेक करून बसवलेले सोन्याचे आकडे. काटे निळे, ते रंगाचे नाहीत, पोलाद बेताने तापवून आणलेला निळा. वर दोन चिमुकल्या खिडक्या, एकीत वार, एकीत महिना. कडेने तारखा, त्या दाखवणारी एक बारीक सुई. आणि खाली सहाच्या जागी एक कमानदार खिडकी, तिच्यात मीनाकारीचं निळं आभाळ, दोन चार चांदण्या आणि सोन्याचा चंद्र. बाहेरचा चंद्र जसा वाढतो आणि घटतो, तसा हा खिडकीत रोज थोडा थोडा सरकणारा.

मागचं झाकण उघडलं आणि मी चिमटा खाली ठेवला. आतल्या प्रत्येक पट्टीवर एकसारख्या अंतराने ओढलेल्या रेघा. पट्ट्यांच्या कडा हाताने तासून, घासून, आरशासारख्या केलेल्या. स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेलासुद्धा पॉलिश! एक पट्टी काढून उलटी केली, तर खालच्या बाजूलाही बारीक गोल गोल नक्षी. अरे, तिथे कोण बघणार होतं? मालकाला झाकणही उघडता येत नाही. म्हणजे कुठल्या तरी डोंगरातल्या गावात बसून एका माणसाने हे केलं, ते फक्त पुढे कधीतरी हे घड्याळ खोलणाऱ्या दुसऱ्या कारागिरासाठी. तो दुसरा कारागीर मी होतो. माझे डोळे भरून आले. हसायचं तर हसा.

चंद्राचं काम तर विचारू नका. चंद्राच्या चकतीला एकोणसाठ दात. चंद्राची एक फेरी साडेएकोणतीस दिवसांची. आता अर्धा दात कसा कापणार? म्हणून त्या पठ्ठ्यांनी चकतीवर दोन चंद्र काढले आणि दोन फेऱ्यांचे एकोणसाठ दात पुरे केले. एक चंद्र खिडकीत असतो तेव्हा दुसरा तबकडीखाली दडलेला. पोलादाचं एक बारीकसं बोट दिवसातून एकदा एक दात पुढे ढकलतं. रात्री नऊनंतर ते बोट दातात शिरतं, ते पहाटेपर्यंत तिथेच. त्या वेळात बाहेरून चंद्र सरकवायला गेलात की दात गेला. आणि तो दात आपल्याकडे कुठेही मिळत नाही.

आतलं तेल सुकून डिंक झालं होतं. ते साफ करणं सोपं. पण त्या बोटाला मागे खेचणारी स्प्रिंग तुटली होती, केसाएवढी जाड, नखाएवढी लांब. ती मी स्वतः घडवली. पाच मोडल्या. सहावी बसली. चौथ्या दिवशी दुपारी घड्याळ टिकटिकायला लागलं, आणि जिन्याखाली एकटाच बसून मी मोठ्याने 'वा रे पठ्ठे' म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे.

इथे घड्याळ परत द्यायला हवं होतं. दिलं नाही.

सारंगांचा मुलगा विचारायला आला तेव्हा म्हणालो, "एक पार्ट मुंबईहून यायचाय." कसला पार्ट आणि कसली मुंबई. मला ते सोडवत नव्हतं. आठ दिवस ठेवून घेतलं. उदबत्तीची काडी घासून टोकदार केली होती, सोन्यावर चरा पडू नये म्हणून. तिने केसच्या कडेचं बारीक बटण दाबायचो आणि चंद्र एक दात सरकताना बघायचो. माझी स्प्रिंग कसं काम करते ते बघायचो, खरं सांगायचं तर. बघता बघता चंद्र खिडकीच्या मधोमध आणून ठेवला. पूर्ण, गोल, दोन्हीकडे निळं आभाळ. काय दिसत होता! तो तिथेच राहावा म्हणून मग रोज सकाळी चावी द्यायचं टाळलं, नाहीतर पुढे सरकला असता.

आणि मनगटावर बांधून कल्याणला गेलो, उस्तादांना दाखवायला. गिऱ्हाइकाचं घड्याळ आपल्या मनगटावर बांधायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी आधी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि मगच घड्याळाकडे. ते खोललं आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. स्प्रिंगवर बोट ठेवून म्हणाले, "ही तुझी?"

"हो."

"चांगली आहे." उस्तादांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. घड्याळ परत देताना म्हणाले, "देताना चंद्र लावून दे. तो शोभेचा नाही."

"हो, हो," म्हणालो. मी हवेत होतो.

शनिवारी मुलगा घ्यायला आला. मी चावी दिली, वेळ लावली, वार, तारीख, महिना लावला. चंद्राकडे बघितलं. इतका देखणा दिसत होता की हात झाला नाही. म्हटलं, डोंबिवलीत चंद्र कोण बघतंय? इमारतींच्या मधून दिसतो तरी का? तसाच दिला.

सोमवारी सकाळी दुकानापुढे तीन-चार गिऱ्हाइकं उभी. त्यांना बाजूला सारत एक म्हातारा आला. गुडघ्यापर्यंत लुंगी, वर बनियन, काळा, सडसडीत, पायाला सुकलेला चिखल. त्याने घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"माजा चांद बदललास तू," म्हातारा म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. "काय?"

"यो माजा चांद नाय. कवा बदललास?"

घड्याळजीला तोंडावर 'बदललं' म्हणणं म्हणजे चोर म्हणणं. आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. सोन्याचा चंद्र, सोन्याचा. एरवीही मी भडकलो असतो. पण आठ दिवस ते घड्याळ खोटं बोलून ठेवून घेतलं होतं, मनगटावर मिरवलं होतं, ते आतून टोचत होतं. त्यामुळे दुप्पट भडकलो.

"बाबा, तोंड सांभाळा. टाचणीएवढा तुकडा मी बदललेला नाही."

"भांग हाय रं!" म्हाताऱ्याने घड्याळ माझ्या नाकापुढे धरलं. "भांग हाय आज, भांग! आन यो बग, कसा फुगून बसलाय!"

"भांग आहे ते दिसतंच आहे," मी म्हणालो. "सकाळी सकाळी चढवलीत? उतरली की या."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "आजोबा, जरा आम्हालापण द्या की." मग आणखी हसले. मीही हसलो.

म्हातारा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. ही माणसं कशाला हसताहेत ते तो शोधत होता. मग घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि उन्हातून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आला. कंपनीतून थेट, डबा हातात. जिन्याखाली वाकून म्हणाला, "बापूस आलेला ना इथं? गावातल्या एकाने बघितलं. भाऊ, मनावर घेऊ नका."

"लोकांसमोर मला चोर म्हणाले ते," मी म्हणालो.

"आई गेल्यापासून असंच चाललंय. दिवसातून धा वेळा खाडीवर जातो, पाणी बघतो, घरी येऊन घड्याळ बघतो. परत जातो. घड्याळ आल्यापासून जास्तच. म्हणतो चांद खोटा आहे, माझा चांद नेला. कालपासून घड्याळाला चावीच देत नाही. जेवला पण नाही. बायको घाबरते माझी." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "एक विचारू? घड्याळात काय खोट नाही ना? म्हणजे तो चंद्रबिंद्र बरोबर आहे ना?"

त्याने सरळ विचारलं होतं. असं सरळ कुणी विचारत नाही. तो चंद्र मी उदबत्तीच्या काडीने मधोमध आणून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणीही ठाऊक होतं. पण कालचं 'चोर' कानात होतं, आणि चूक कबूल करायची म्हणजे तिच्याबरोबर आठ दिवसही बाहेर आले असते.

"माझ्या हाताखालून गेलंय ते," मी म्हणालो. "खोट निघाली तर दुकान बंद करीन."

"मग झालं." त्याने मान खाली घातली. "गुरुवारी सुट्टी टाकतो. ठाण्याला नेतो."

"ठाण्याला कशाला? ठाण्यातला कुठला घड्याळजी माझ्यापेक्षा—"

"घड्याळ नाही हो, भाऊ. बापसाला."

आम्ही कामाला ठाण्याला जातो, लग्नाच्या खरेदीला जातो, पाहुण्यांकडे जातो. आपल्याकडे ठाणे म्हणजे शेजारघर. पण तोच शब्द जरा खालच्या आवाजात म्हटला की त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो उभ्या महाराष्ट्राला कळतो. उंच भिंतीचं ते वेड्यांचं इस्पितळ. भांडणात आपण सहज म्हणतो, याला ठाण्याला पाठवा रे. हा माणूस भांडत नव्हता.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "न्या. वेळेवर दाखवलेलं बरं."

हे वाक्य मी नंतर बायकोलाही लगेच सांगू शकलो नव्हतो.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. बुधवारी संध्याकाळी ती सहामाहीचे पेपर तपासत होती आणि मी पलीकडे बसून शेंगा सोलत होतो. ती एकदम हसायला लागली.

"ऐका, ऐका. 'भांगाची भरती म्हणजे काय?' आणि हा दिवटा लिहितो, 'होळीला लोक भांग पितात तेव्हा समुद्राला जी भरती येते तिला भांगाची भरती म्हणतात.'"

मीही हसलो. हसता हसता माझा हात शेंगांच्या ताटात थांबला.

"खरं उत्तर काय?" मी विचारलं.

"अहो, तुम्हीही शिकला असाल. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाण्याला जोर असतो, ती उधाणाची भरती. आणि अष्टमीच्या सुमाराला, चंद्र अर्धा असताना, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. ती भांगाची. कोळी लोक नुसतंच म्हणतात, आज भांग आहे."

"शनिवारी तिथी कुठली होती?"

तिने मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "अष्टमी. वद्य अष्टमी. का?"

शेंगांचं ताट मी बाजूला सारलं. आम्ही घाटावरचे; आमच्या गावाला ओढा होता, त्याला कसली भरती. भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द कधी वाचला असेल तर तो परीक्षेबरोबर गेला. आणि तो म्हातारा माझ्यापुढे उभा राहून, माझ्या नाकापुढे घड्याळ धरून, किती साधं बोलत होता! आज भांग आहे, म्हणजे चंद्र अर्ध्याच्या आसपास असायला हवा. आणि हा बघ, कसा पुरा फुगून बसलाय. यात वेडं काय होतं? त्या दिवशी त्या दुकानापुढे शुद्धीवर असलेला तो एकटाच होता.

बायकोला सगळं सांगितलं. आठ दिवस, कल्याण, उदबत्तीची काडी, सगळं. तिने चष्मा काढला.

"आणि त्याच्या मुलाला काय म्हणालात?"

मी शेंगांकडे बघत होतो. "न्या म्हणालो."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी दुकान उघडायचं नाही. आधी तिथे जायचं. आणि राग आला म्हणून परत आलात तर घरी येऊ नका."

तेव्हाच निघायला हवं होतं. घर माहीत नाही, गावातल्या गल्ल्या माहीत नाहीत, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. धीर झाला नाही, एवढंच खरं. गुरुवारी सकाळी मात्र रिक्षावाल्याला नुसता पळवत नेला. खिशात भिंग आणि उदबत्तीची काडी. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे उभं राहून मी घड्याळात इतक्यांदा बघितलं की रिक्षावाला म्हणाला, "बंद पडलंय काय हो?" त्याच्यावरही ओरडलो.

घर विचारावं लागलं नाही. गल्लीत एकाच दारासमोर रिक्षा उभी होती, इंजिन चालू. ओट्यावर म्हातारा बसला होता. मी ओळखलाच नाही आधी. इस्त्रीची पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायांत काळे बूट, तेल लावून चापून बसवलेले केस. बोटीवरचे जपून ठेवलेले कपडे असणार. शर्टाच्या खिशात रुमालाची पुरचुंडी, आणि तिच्यावर त्याचा हात.

मला बघून तो चक्क हसला.

"घड्यालवाला! तू कशाला आलास? तुज्याकडनं नाय झाला ना, आता पोर ठाण्याला नेतंय मना." त्याने खिशावर थोपटलं. "मोटा कारागीर हाय तिथं, बोलतंय. बराबर करून देल."

मुलगा दारात उभा होता. हातात कापडी पिशवी, तिच्यातून टॉवेल आणि दोन बनियनं दिसत होती. घड्याळ दुरुस्त करायला जाताना कुणी टॉवेल नेत नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता, बापाकडेही बघत नव्हता, रिक्षाच्या चाकाकडे बघत होता.

मी तिथेच उभ्या उभ्या म्हणालो, "घड्याळ चुकीचं आहे. मी चुकवलंय. बाबांचं काही चुकलेलं नाही. ते पहिल्या दिवसापासून बरोबर सांगताहेत."

"काय?" मुलगा म्हणाला.

"शनिवारी अष्टमी होती आणि मी पौर्णिमेचा चंद्र लावून दिला."

"पण परवा तुम्हाला विचारलं मी. तुम्ही बोललात खोट नाही."

नकळत झालं, माहीत नव्हतं, असं सांगून सुटता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "खोटं बोललो," मी म्हणालो. "चंद्र मीच हलवला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं."

त्याने पिशवी खाली टाकली आणि माझा शर्ट धरला. "तुम्हाला समजतं काय? मी आज काय करायला निघालेलो, समजतं काय तुम्हाला?"

शेजारची माणसं दारांत आली होती. मी हात वर केले नाहीत. एक लगावली असती तर बरं वाटलं असतं. पण म्हातारा म्हणाला, "सोड त्याला. आधी चांद करू दे." आणि त्याने सोडला.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. "जायाचंय का नाय?"

"थांब जरा," मुलगा म्हणाला.

ओट्यावर रुमाल पसरून घड्याळ घेतलं. अकराला वीस कमी असताना बंद पडलेलं. आता हे सकाळचे अकरा की रात्रीचे? तबकडीवर दोन्ही सारखेच. रात्रीचे असतील तर पोलादी बोट दातात शिरलेलं असणार, आणि मी बटण दाबलं की चंद्र कायमचा गेला. दुकानात असतो तर विचार न करता काटे फिरवून बघितलं असतं. इथे चावी ओढली, काटे हळूहळू बाराकडे नेले. तारखेच्या सुईकडे बघत राहिलो. बारा वाजले. तारीख हलली नाही. म्हणजे दुपारचे बारा. बोट मोकळं होतं. काटे मागे सकाळच्या नऊवर आणले. वाराच्या खिडकीत मंगळवार होता, म्हणून वार-तारीख दोन-दोन घरं पुढे सरकवली.

"चंद्र किती पुढे न्यायचा?" मी विचारलं. बायकोने कॅलेंडरवरून मोजून दिलेला आकडा खिशात चिठ्ठीवर होता. मी ती चिठ्ठी काढली नाही.

गल्लीच्या टोकाला खाडी दिसत होती. म्हाताऱ्याने धक्क्याच्या दगडांवरची ओल बघितली, ओठ हलवत काहीतरी मोजलं. "धा."

चिठ्ठीवरही दहाच होते.

काडीचं टोक बटणावर ठेवलं. दाबलं. "येक," म्हातारा म्हणाला. दाबलं. "दोन." मुलगा आमच्या डोक्यावर वाकून बघत होता. चंद्र खिडकीच्या उजव्या कडेखाली एकेक पाऊल शिरत होता. सातव्याला माझा हात घसरला, काडी सटकली. भिंग लावून बघितलं, काही झालं नव्हतं. आठ. नऊ. दहा. कडेला सोन्याची एक बारीक कोर तेवढी उरली. पहाटे पूर्वेला दिसते तेवढीच.

चावी देऊन घड्याळ त्याच्या हातात दिलं. त्याने ते आधी कानाला लावलं, मग डोळ्यांपुढे धरलं.

"हां," म्हातारा म्हणाला. "यो माजा चांद." मग माझ्याकडे बघून विचारलं, "का हलवलास रं?"

"पुरा चंद्र बरा दिसत होता म्हणून."

मला वाटलं आता शिव्या देईल. त्याने पुन्हा घड्याळाकडे बघितलं. "दिसतो बरा," तो म्हणाला. "मी बी बगायचो. पन त्यावरनं मना पानी समजायचा. बोट कुटं बी असूं दे, आफ्रिकेला, जपानला. चांद बगितला का समजायचा, आज आपल्या खारीन उधान हाय, सुकती मोटी, पानी लांब जानार, म्हंजे बायको चिंबोऱ्या धरायला गेली असंल. आज भांग हाय, म्हंजे घरान बसली असंल. तीस वरसं." मग म्हणाला, "आता ती नाय. पन सवय हाय."

मी खाली मान घालून भिंगाच्या काचेवरचा डाग पुसत राहिलो. तो डाग माझ्या डोळ्यातलाच होता. चार दिवस मी त्या घड्याळातली प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक कड बघितली होती. आणि घड्याळ मला कळलं, असं मानून बसलो होतो.

मुलगा गल्लीत जाऊन रिक्षावाल्याला काहीतरी म्हणाला. रिक्षा वळून गेली. मग त्याने खाली पडलेली पिशवी उचलली, आमच्याकडे न बघता आत गेला.

तो आत गेल्यावर म्हाताऱ्याने माझं मनगट पकडलं. दोरखंड ओढलेल्या माणसाची पकड होती ती. मला खाली ओढून हळू आवाजात म्हणाला, "ठाणं मना म्हाईत हाय."

रिक्षा गेली त्या वाटेकडे मी बघितलं.

"समद्यांना म्हाईत असतं, मना नसंल?"

"मग असे तयार होऊन का बसलात?" मी विचारलं.

"पोर दोन दिस रडतंय. मना दिसू नये म्हनून मागच्या दारी जाऊन. त्याला वाटतं, मी घड्यालासाटी खूश झालोय, मना काय समजला नाय." त्याने दाराकडे बघितलं आणि माझं मनगट सोडलं. "तसाच वाटू दे त्याला. तू बोलू नको."

मी नाही बोलणार, म्हणालो. आत मुलगा टॉवेल झटकून घडी करत होता, आणि पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.